चिपटं, मापटं, शेर

बालवाडीत अंकांच्या आधी मी ज्वारी आणि जुनी मापं काढते. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही दुपटीची चढण मुलांच्या हाताला लवकर उमगते, कारण दुसरं चिपटं ओतलं की मापटं नेमकं भरतं. 'बरोबर' असं ताईंनी म्हणायची गरजच उरत नाही. माँटेसोरीचा गुलाबी मनोरा मलाही आवडतो. एक ते दहा सेंटिमीटरचे दहा ठोकळे, एकही जागा चुकला तरी डोळ्यांना खुपतं. पण तो विकत आणावा लागतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, खडे यांतूनच साधनं उभी केली, ती वाट मला आपली वाटते.

पसरट वाटीतलं पाणी उंच पेल्यात ओतलं, की चार वर्षांचं मूल ठामपणे सांगतं, "आता जास्त झालं." ओतताना ते बघत असतं, तरीही! पियाजे यांनी हे फार पूर्वी नोंदवलं. पुढे १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि त्यातली एक ओळ एका खट्याळ टेडीकडून विस्कटवली. तेव्हा कितीतरी जास्त मुलं म्हणाली, सारख्याच आहेत. मोठ्या माणसानं स्वतः ओळ हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की पोराला वाटतं, आता उत्तरही बदलायला हवं. म्हणून मी एकदाच विचारते आणि गप्प बसते. हे गप्प बसणं हाच या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

परवा दोघांचं शिगेवरून भांडण झालं. दोघांचीही मापटी भरलेली, पण एकाच्या मापट्यावर ज्वारीचा टोकदार ढीग. "त्याचं जास्त आहे," दुसरी म्हणाली. तो मापट्याचा काठ दाखवून सांगत होता, "सारखंच आहे." तिनं तळहात आडवा धरून त्याची शीग सपाट केली, खाली सांडलेले दाणे वाटीत गोळा केले आणि ती वाटी त्याच्यापुढे धरली, "हे बघ, एवढं जास्त होतं." फरक असा बाजूला काढून दाखवता येतो, हे तिला कुणीही शिकवलं नव्हतं. वजाबाकीच्या इतक्या जवळ ती स्वतःच्या हातानं पोचली होती.

त्यानं वाटी घेतली, थोडा विचार केला आणि त्यातली अर्धी ज्वारी तिच्या मापट्यावर ओतली.