खरा प्रश्न आणि खोटा प्रश्न

भाषा शिकविणारा शिक्षक दिवसभर प्रश्न विचारीत असतो. परंतु त्यांतील बहुतेक प्रश्न खोटे असतात. हातांतील खडू उंच धरून तो विचारतो, "हें काय आहे?" खडू त्यालाहि दिसतो आणि मुलांनाहि दिसतो. अशा प्रश्नाला मूल उत्तर देतें तें भीतीनें किंवा सौजन्यानें, गरजेनें नव्हे. आणि गरजेवांचून भाषा येत नाहीं, असें दुधनीस राहून आमचें मत झालें आहे.

अक्कलकोट तालुक्यांतील हें गांव महाराष्ट्राच्या अगदीं कडेला आहे. घरोघर कन्नड बोलतात, आणि कचेरीचा कागद मराठींत येतो. 1967 सालीं महाजन आयोगानें हा तालुका त्या वेळच्या म्हैसूर राज्यास द्यावा अशी शिफारस केली होती. ती अंमलांत आली नाहीं. 2020 च्या कायद्यानें राज्यांतील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. परंतु कायद्यानें तास मिळतो. जीभ सुटत नाहीं.

बाजारांत मात्र ती सुटलेली दिसते. तुरीला घरीं 'तोगरी' म्हणणारा शेतकरी परगांवच्या व्यापाऱ्याशीं दर, तोलाई, हमाली यांचा हिशेब मराठींत करतो. त्याला विभक्तीचीं रूपें पाठ नाहींत. परंतु त्याला जें कळावयास हवें तें समोरच्यालाच ठाऊक असतें.

एन. एस. प्रभू यांनीं 1979 ते 1984 या काळांत बंगळूरहून जो प्रयोग चालविला त्याचें मर्म हेंच होतें. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांपुढें त्यांनीं व्याकरणाच्या धड्यांऐवजीं वेळापत्रकें, नकाशे, हिशेब अशीं कोडीं ठेविलीं. लक्ष अर्थांत गुंतलें म्हणजे भाषेची घडी मनांत आपोआप बसते, असें त्यांचें म्हणणें. ज्यांच्या वाडवडिलांनीं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटलें, त्यांस हें धाडसाचेंच वाटावें.

आम्ही येथील कांहीं मुलांना मराठी शिकवितों. काम असें: आडत्याच्या पट्टींत दर आणि वजन आहे, बियाण्याचें देणें फेडून थोरल्या बहिणीची फी भरतां येईल काय, तें ठरवावयाचें. दोन मुलांना एकत्र बसविलें तर तीं सारा हिशेब कन्नडांत उरकतील आणि मराठींत फक्त आंकडा सांगतील. त्यांत दोष कसला? शहाणा मनुष्य जवळच्या वाटेनेंच जातो. प्रभूंनींहि वर्गाचे गट पाडण्याचें टाळलें होतें. मुलांची भाषा शिक्षकाच्या भाषेच्या संगतीनें वाढावी, एकमेकांच्या अपुऱ्या भाषेनें नव्हे, असें त्यांना वाटे. म्हणून पट्टी आम्ही आपल्याच हातीं ठेवितों. हवें तें मुलांनीं विचारून काढावें. आणि त्या तासापुरतें आम्हांस कन्नड समजत नाहीं.

एक मुलगी कित्येक महिने बोललीच नव्हती. एके दिवशीं तिनें विचारलें, "वजन किती भरला?" कन्नडांत निर्जीव वस्तू सगळ्या एकाच लिंगाच्या, मराठींत मात्र पोतें तें, पिशवी ती आणि भाव तो! हें ओझें त्या जिभेवर केवढें असेल! आम्हीं सांगितलें, "वजन साडेचार क्विंटल भरलें." पुढच्या प्रश्नांत ती पुन्हां चुकली, पण पुन्हां बोलली.

पालक विचारतात, वही कोरी कां? परीक्षेंत लिंग चुकलें तर गुण जाणार, हें खरें आहे. व्याकरणाशीं आमचें वैर नाहीं. सत्राच्या अखेरीस तेंहि आम्ही शिकवितों. मात्र जो बोलूं लागला त्यालाच व्याकरणाचा उपयोग. मुक्याची भाषा निर्दोष असते, पण तिनें कोणाचें काम होत नाहीं.

उद्यां या मुलीला सोलापूरच्या दवाखान्यांत आईचें दुखणें सांगावें लागेल. तेथें डॉक्टर विचारील तो प्रश्न खरा असेल, कारण त्याचें उत्तर तिच्यापाशींच असणार. त्या वेळीं तिचें एखादें लिंग चुकलें तरी चालेल. ती गप्प राहिली तर चालणार नाहीं.