मी आणि मला

मराठीत दुखणे नेहमी 'मला' होते. मला ताप येतो, मला चक्कर येते, मला दम लागतो. अनुभवणारी व्यक्ती चतुर्थीत जाते आणि ताप, चक्कर, दम हे कर्त्याच्या जागी येऊन बसतात. ही उदाहरणे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली आहेत. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांत एकाची भर पडली : मला आमवात झाला.

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा शरीराच्या संरक्षक यंत्रणेने आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटण्याचा विकार. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. त्याची खरी ओळख पटते ती सकाळी. तास-दीड तास मूठ वळत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापण्यासाठीही कोणास तरी हाक मारावी लागते. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, जोडीला फॉलिक ॲसिड, ठरावीक काळाने रक्ततपासणी, हे सारे अंगवळणी पडते. थकवा मात्र पडत नाही. एरवी थकवा कष्टांनंतर येतो. हा कष्टांच्या आधीच दारात येऊन बसलेला असतो.

साताऱ्यास शिकत असताना मी लांब पल्ल्याचे अंतर धावत असे. यवतेश्वरचा घाट हा माझा सराव. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये प्रथम झाली ती १९८४ साली, लॉस एंजेलिस येथे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी मी धावू लागले. पहाटेच्या अंधारात पंजाबी ड्रेस घालून धावणारी मुलगी दिसली की दूधवाले सायकल थांबवून विचारीत, "काय झालं, ताई?" बाई धावते आहे, त्या अर्थी काहीतरी झालेच असणार! पुढे संशोधन, नोकरी, संसार यांत धावणे सुटले. आमवात झाल्यावर ते सुटलेले आहे याची जाणीव झाली, कारण आता मनात आले तरी वाक्य निराळेच होते : मला धाववत नाही.

हे शक्य क्रियापद आणि हा भावे प्रयोग. येथे क्रियापद कोणाचेच लिंग-वचन मानीत नाही. ते तटस्थपणे नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते. 'मी धावले' यात मात्र मी आहे, स्त्री आहे, आणि क्रियापद माझ्या पाठोपाठ येते.

औषधांनी विकार आटोक्यात आल्यावर तज्ज्ञांनी आधी चालण्यास आणि मग बेताने धावण्यास संमती दिली. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी रूढ केलेली पद्धत मी स्वीकारली : थोडे धावायचे, दमण्याआधीच चालू लागायचे, पुन्हा धावायचे. मी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे येथून आरंभ केला. आता पुण्यात तळजाईच्या टेकडीवर जाते. डांबरापेक्षा तेथील मातीची वाट घोट्यांना सोसते.

'आजाराशी झुंज', 'आजारावर मात' असे कोणी कौतुकाने म्हटले की मला अवघडल्यासारखे होते. ज्या विकारात सैन्यही आपले आणि गावही आपलेच, तेथे मात कोणी कोणावर करावी? धावण्याने माझा आमवात गेलेला नाही. सांधा सुजला असेल त्या दिवशी मी धावत नाही, आणि त्या दिवशी मी पराभूतही नसते. धावण्याने एवढेच झाले आहे की दिवसातील काही वाक्यांचा कर्ता पुन्हा मी असते. तळजाईवर भल्या पहाटे, मोरांची केका ऐकू येत असताना, श्वास आणि पावले यांचा मेळ जमला की तेवढ्यापुरते दुखण्याचे नावही आठवत नाही. विद्यार्थिदशेत हा आनंद मला फुकट मिळत असे, त्यामुळे त्याची चव इतकी बारकाईने घेतली नव्हती.

सूज आणि आखडलेपणा यांची रोज नोंद ठेवा, असे तज्ज्ञांनी सांगितले आहे. त्या वहीत मी आणखी एक रकाना आखला. या महिन्यात त्यात अकरा वेळा 'धावले' आहे आणि सहा वेळा 'धाववले नाही'. काल पाच किलोमीटर झाले. सहाव्यात डावा घोटा कुरकुरू लागला, तेव्हा उरलेली वाट चालत उतरले.