न लागलेल्या लाथेचा आस्वाद

अभिरुचीची चर्चा बहुधा काय आवडावे याविषयी होते. जे आवडते पण चारचौघांत सांगता येत नाही, ते तिच्या बाहेर राहते. अशा झाकलेल्या आवडींत अल्पखर्ची कराटे-कुंगफूपटांचे स्थान बरेच वरचे असावे. त्यांना हीन ठरविण्यास समीक्षेला फारसे श्रम पडत नाहीत. परंतु हीन ठरविल्यानंतरही आनंद उरतोच, आणि त्याची उपपत्ती कशी लावावी हा प्रश्न तसाच राहतो.

कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव १९९९ साली हिंगोली जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होते. तेथील एका शेतकरी कुटुंबातला मुलगा पुढे सौंदर्यशास्त्राचा अध्यापक झाला. १९९०च्या आसपास, पत्र्याच्या खोलीत भाड्याचा व्हीसीआर लावला जाई, तेव्हा तो मामांच्या शेजारी पोत्यावर बसून हे चित्रपट पाहत असे. ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजी निवर्तला होता. मात्र त्याच्या मृत्यूनंतर हाँगकाँग-तैवानच्या निर्मात्यांनी त्याच्यासारखे दिसणारे, त्याच्यासारखेच नाव धारण करणारे नट उभे केले होते. त्यांतील एकाच्या नावात रोमन लिपीत एका अक्षराचा फरक होता. देवनागरीत तोही उरत नसे. अस्सल आणि नक्कल, दोघेही ‘ब्रूस ली’च. गॉडफ्रे हो या दिग्दर्शकाचे निंजापट तर याहून पुढचे. अन्य आशियाई चित्रपटांचे विकत घेतलेले तुकडे आणि नव्याने चित्रित केलेली निंजांची दृश्ये जोडून ते सिद्ध होत, आणि कधीही समोरासमोर न आलेल्या पात्रांना बरेचदा दूरध्वनीवरील एखादे संभाषण एकत्र आणी.

एकदा त्या मुलाने मोठा शोध लागल्याच्या आविर्भावात मामांना सांगितले की लाथ लागतच नाही, नुसता आवाज येतो. मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “ते मलाबी दिसायलंय, बाळा. पण पडणारा कसा पडायलाय, ते बघ की.”

या उत्तराचे मोल त्याला पुढे पदव्युत्तर वर्गात कळावयास हवे होते; कळले नाही. नाट्यशास्त्राच्या चारीविधानात भारत, सात्वत, वार्षगण्य आणि कैशिक असे रंगभूमीवरील शस्त्रमोक्षाचे चार न्याय सांगितले आहेत, आणि प्रत्यक्ष प्रहार, छेद वा रक्तस्राव न करता केवळ संकेताने तो दर्शवावा असे बजावले आहे. आरभटी वृत्तीच्या वर्णनात पडणे, उडी घेणे, ओलांडून जाणे, माया, इंद्रजाल आणि नानाविध युद्धे येतात. हाँगकाँगचे चित्रपट सामान्यतः मुके चित्रित होत आणि ध्वनी मागाहून भरला जाई. दोन देहांमधील अंतर कॅमेऱ्याचा कोन झाकतो. आघात घडतो तो ध्वनीत आणि पडणाऱ्याच्या देहात. मामा पाहत होते ती ही नाट्यधर्मी. न. चिं. केळकर यांनी १९२१च्या बडोदे संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली सविकल्प समाधीची कल्पना, म्हणजे तन्मयता आणि स्वभान यांचे एकाच वेळी नांदणे, याहून वेगळी नव्हती.

सुसान सोंटॅग यांनी १९६४ साली ‘कॅम्प’ या अभिरुचीची मीमांसा केली. वाईट आहे म्हणूनच मजेदार, असा तीतला एक नागर पवित्रा असतो. मामांचा आस्वाद त्या जातीचा नव्हता. चित्रपटाहून आपण शहाणे आहोत हे त्यांना सिद्ध करावयाचे नव्हते. एका अनाम नटाचे चांगले पडणे त्यांना दिसत होते. अर्थात, या चित्रपटांतील सूडाचा सोपा न्याय किंवा स्त्रीपात्रांची उपेक्षा यांचे समर्थन त्यातून होत नाही.

अध्यापकांना याची आठवण व्हावी असा प्रसंग पुढे एका तासाला घडला. त्यांनी वीररसाचे उदाहरण विचारले आणि मागच्या बाकावरील, खेड्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने अशाच एका चित्रपटाचे नाव घेतले. वर्ग हसला. अध्यापकही हसले. वस्तुतः आदल्याच आठवड्यात, घरातील सर्व जण निजल्यावर, त्यांनी तो चित्रपट मोबाइलवर पुन्हा पाहिला होता. विद्यार्थी खाली बसला आणि तासभर वहीतून वर पाहिनासा झाला. पोत्यावर बसलेले मामाही त्या हशाचा विषय होते, हे अध्यापकांच्या ध्यानात आले ते घरी परतताना. ज्या अपराधभावाचे मूळ ते इतकी वर्षे पडद्यावर शोधत होते, ते त्यांना आपल्या हसण्यात सापडले.

पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर ‘आरभटी’ हा शब्द लिहिला आणि त्या विद्यार्थ्याला त्या चित्रपटातील अखेरची मारामारी सांगावयास लावली. प्रथम तो संकोचला. मग हातवारे करीत सांगू लागला. मध्येच त्याने दोन प्रहारांचा क्रम चुकविला. अध्यापकांनी तो नकळत दुरुस्त केला, आणि क्षणभराच्या शांततेनंतर वर्ग पुन्हा हसला. या वेळी तो अध्यापकांना हसत होता.