थंडीतले खुराडे

नाशिक जिल्ह्यातली थंडी पहाटेची असते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी अंगणातले ऊन चटके देते आणि त्याच अंगणात पहाटे पांघरुणाबाहेर हात काढवत नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडीत गहू संशोधन केंद्र आहे. तिथे नोंदले जाणारे किमान तापमान कडाक्याच्या दिवसांत 5 अंशांच्याही खाली उतरते. द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे वेलींना पाणी देतात. पडवीलगतच्या खुराड्यासाठी एवढी धावपळ कोणी करत नाही, आणि बहुतेक वेळा ती करावीही लागत नाही.

कोंबडी मुळात गरम रक्ताची आणि गरम अंगाची. तिच्या शरीराचे तापमान 41 ते 42 अंशांच्या आसपास असते, माणसापेक्षा चांगले चार-पाच अंश जास्त. थंडी वाजली की ती पिसे फुलवते. पिसांमध्ये हवा अडकते आणि ती हवाच तिची गोधडी होते. एक पाय पोटाखाली, चोच पंखात आणि शेजारणीच्या अंगाला अंग, एवढ्यावर मोठी गावरान कोंबडी नाशिकची रात्र सहज काढते. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर तर कोंबड्या झाडावरही रात्र काढतात. बर्फाळ देशांत कोंबड्यांचे तुरे गोठून काळे पडतात. इथे ती वेळ येत नाही. इथे पक्षी आजारी पडतो तो ओलीमुळे, अंगावर येणाऱ्या वाऱ्यामुळे आणि कोंदट हवेमुळे. भिजलेल्या पिसांत हवा राहत नाही, मग 12 अंशांतही कोंबडी कुडकुडते.

म्हणून खुराड्याची व्यवस्था करताना पहिला प्रश्न वाऱ्याचा. हिवाळ्यात झोंबरा वारा बहुधा उत्तरेकडून येतो. त्या बाजूला गोणपाट बांधावे आणि पूर्वेची किंवा दक्षिणेची बाजू उन्हासाठी मोकळी ठेवावी. पडदा कोंबड्यांच्या डोक्याच्या उंचीपर्यंत पुरे. वर छताखाली वीतभर फट राहिलीच पाहिजे. पोरांना पांघरूण घालावे तसे प्लॅस्टिकच्या कागदाने खुराडे चहूकडून गुंडाळण्याची चूक फार घरांत होते. रात्रभराचा श्वास आणि विष्ठेची वाफ आत साचते, अमोनियाचा वास चढतो, कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, नाके वाहू लागतात. सकाळी दार उघडताच वासाने माणसाचे डोळे पाणावले, तर थंडीपेक्षा खुराडेच जास्त घातक झाले आहे असे खुशाल समजावे.

खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार इंच जाड पसरतात. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या भातपट्ट्यात तुसाला तोटा नाही. ते दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करावे, पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस काढून टाकावे. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि ती आधी पिलांनाच गाठते. बसायला दांडी द्यायची तर थोडी रुंद व चपटी द्यावी, म्हणजे बसलेल्या कोंबडीची बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. दाराची कडी पक्की हवी. मुंगूस आणि रानमांजर थंडीत सुट्टी घेत नाहीत, आणि निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्याही असतो.

थंडीतली खरी शेगडी कोंबडीच्या पोटात असते. मध्यम वजनाच्या कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागते. गारठा वाढला की ती त्याहून जास्त मागते. मोकळ्या कोंबडीचा निम्मा चारा एरवी उकिरड्यावर आणि शेताच्या बांधावर भागतो, पण हिवाळ्यात किडे-मुंग्या कमी होतात. ती तूट शेंगदाण्याच्या किंवा सोयाबीनच्या पेंडीने भरून काढावी. बाजारातल्या सुकटीचा चुराही चालतो. दाणे संध्याकाळी, खुराड्यात जाण्याच्या तासभर आधी टाकावेत. भरडलेला मका किंवा अख्खी बाजरी रात्रभर पोटात पचत राहते आणि पचताना ऊब देते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी खाणाऱ्या घराला हे वेगळे सांगायला नको. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात बाजरीऐवजी नागली आणि भाताची कणी असते, तीही चांगली.

मका मात्र हुंगून घ्यावा. दवाने ओलावलेल्या पोत्यातल्या मक्याला बुरशी लागते आणि बुरशीचे विष यकृतावर जाते. या जिल्ह्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते, ते कांद्याचे. लासलगाव-पिंपळगावच्या परिसरात कांदा उकिरड्यावरही मुबलक सापडतो, पण जास्त प्रमाणात पोटात गेला तर कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. द्राक्षाचे गळालेले मणी ती आवडीने टिपते. नुकतीच फवारणी झालेल्या बागेत तिला सोडू नये एवढेच. हिरव्यासाठी लसूणघास, मेथीच्या काड्या, कोबीचा पाला उत्तम.

पाण्याकडे थंडीत दुर्लक्ष होते. रात्रभर गार झालेले पाणी कोंबडी टाळते, पाणी घटले की खाणे घटते आणि पाठोपाठ अंडी. सकाळी शिळे पाणी ओतून कोमट पाणी द्यावे.

अंडी घटण्याचे दुसरे आणि मोठे कारण उजेड. भरपूर अंडी घालायला कोंबडीला रोज चौदा तासांहून अधिक प्रकाश लागतो. नाशिकचा डिसेंबरातला दिवस जेमतेम अकरा तासांचा. दिवा लावून तूट भरून काढता येते, पण तो पहाटे लावावा. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्यांना अंधारात दांडी सापडत नाही. चार-सहा गावरान कोंबड्यांसाठी हा खटाटोप व्यर्थच. त्या या दिवसांत विसावा घेतात, तो घेऊ द्यावा.

पिलांची गोष्ट वेगळी. थंडी खरी मारते ती त्यांना. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात, आणि आई असेल तर तिचे पंख पुरतात. अशी आई-पिले पहिले काही दिवस डालग्याखाली ठेवण्याची रीत आहे. तळाशी पोते आणि वर वाऱ्याच्या बाजूने गोणपाट असले की झाले. हॅचरीतून आणलेल्या गिरिराज, वनराज किंवा कडकनाथच्या पिलांना मात्र आई नसते. त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जातात. तीसेक पिलांवर तारेचा 60 वॅटचा एक बल्ब टांगतात. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. मापयंत्राची गरज नाही. पिले बल्बखाली दाटीने चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे, कडेला पळून चोची वासून बसली असतील तर जास्त, सगळीकडे विखुरली असतील तर नेमकी. वीज गेल्यावर बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे म्हणजे पिलांना धुराने कोंडणे होय.

हिवाळ्यात मानमोडी, म्हणजे राणीखेत, येते आणि दोन-चार दिवसांत अख्खे अंगण रिकामे करते. तिला औषध नाही, लस आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात-नाकात थेंबाने, पुढे सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बी टोचून. लस निरोगी पिलांनाच द्यावी. बर्ड फ्लूची देशातली पहिली साथ फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला उघडकीस आली, तीही थंडी सरतानाच. निफाड तालुक्यातच नांदूरमध्यमेश्वर आहे, 2020 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलेले राज्यातले पहिले पाणथळ. थंडीत तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदके उतरतात, आणि असे पाणपक्षी बर्ड फ्लूचा विषाणू आणू शकतात. त्या काठच्या गावांनी कोंबड्या जलाशयावर मोकळ्या सोडू नयेत, तिथले पाणी त्यांना पाजू नये, आणि एकाएकी पक्षी मरू लागले तर ते उघड्यावर न टाकता त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.