तळ्याचं विरजण

दर रविवारी सकाळी चहा झाला की मी परसातलं तळं धुवायला बसायची. निम्मं पाणी बादल्यांनी उपसायचं, तळाचे थोडे गोटे काढून काथ्यानं घासायचे आणि पंपावरचा स्पंज नळाखाली धरून पिळत राहायचं. आधी तपकिरी पाणी यायचं, मग पिवळसर, मग नितळ. स्पंज पांढरा झाला की माझा जीव थंडावायचा. पाच वर्षं हे व्रतासारखं केलं. नाशिकच्या उन्हाळ्यातसुद्धा आमच्या तळ्याचं पाणी काचेसारखं असायचं आणि मला त्याचा अभिमान होता.

आठ फूट लांब, पाच फूट रुंद, जेमतेम पावणेदोन फूट खोल असं ते तळं. गवंड्यानं विचारलं होतं, "ताई, अजून थोडं खाली जाऊ का?" मी नको म्हणाले. खोल पाण्यात मासे दिसणार नाहीत, नातवंडांचीही भीती. तळाशी नदीतले गुळगुळीत गोटे, कडेनं निळे दिवे, मधोमध कारंजं. त्यात बोटभर लांबीचे नऊ कोई मासे सोडले. पाच वर्षांत ते सव्वा फुटाचे झाले. मला वाटायचं, केवढे वाढले! त्यांची वाढ खुंटली होती, हे नंतर कळलं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये घरी बारसं होतं. पाहुणे येणार म्हणून मी तळं पार रिकामं केलं. मासे टबात काढले, भिंती ब्रशनं घासल्या, एकूण एक गोटा धुतला, पंपावरचा स्पंजही नळाखाली लख्ख केला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी भरून मासे परत सोडले. बारशाला आलेला प्रत्येक जण तळ्यापाशी थांबत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दाणे टाकले तर कोणी वर आलं नाही. सगळे कारंज्याखाली गोळा होऊन तोंडं पाण्याबाहेर काढत होते. कल्ले भराभर हलत होते. पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची सगळ्यात मोठी मासळी कुशीवर कलली होती. दुकानदारानं औषधाची निळी बाटली दिली, ती ओतली. शनिवारपर्यंत नवांतले पाच गेले. त्यांना मी लिंबाच्या झाडाखाली पुरलं.

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली माझी भाची त्या रविवारी आली. पिशवीतून तिनं काचेची छोटी नळी काढली, तळ्याचं पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते बघता बघता गडद हिरवं झालं. "अमोनिया," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, एवढं स्वच्छ पाणी, तळाची टिकली दिसतेय. ती म्हणाली, "मावशी, अमोनिया दिसत नाही. आणि तो खाणाऱ्यांनाच तू धुऊन टाकलंस."

त्या वाक्यानं माझी पाच वर्षांची समजूत मोडली. मासा खातो, त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात येतो. स्पंजावर, भिंतींवर, गोट्यांवर जो तपकिरी बुळबुळीत थर धरतो, त्यातले जीवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही माशांना विषारीच. मग दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंचसं निरुपद्रवी असतं आणि झाडांना खत म्हणून चालतं. नव्या तळ्यात ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. हे मला विरजणावरून लगेच समजलं. आपण दह्याचं भांडं घासतो, पण चमचाभर दही बाजूला ठेवल्याशिवाय नाही. मी दर रविवारी नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं विरजणच धूत होते. मासे लहान होते आणि भिंतींवर थोडा थर उरायचा, म्हणून इतकी वर्षं निभावलं. बारशाच्या आदल्या दिवशी मी काहीच उरू दिलं नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया पळ काढण्याची होती, हेही सांगायला हवं. उरलेले चार मासे गंगापूर धरणात सोडून द्यावेत आणि तळ्यात माती भरून मोगरा लावावा, असं मी ठरवलं होतं. भाचीनं ते होऊ दिलं नाही. हा परका मासा आहे, आपल्या पाण्यात त्याला आणि त्याच्यासोबत येणाऱ्या रोगांना सोडायचं नाही, हे तिनं बजावलं. तिचं म्हणणं पटलं. मग मी वाचायला बसले.

कोईचं मूळ गाव जपानच्या निगाता प्रांतातलं यामाकोशी आणि आसपासचा डोंगराळ भाग. भातशेती करणारे लोक खाण्यासाठी कार्प पाळायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांत काही रंगीत पिल्लं निघाली, ती त्यांनी वेगळी जपली. 1914 साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मासे मांडले, तेव्हा बाकीच्या जपानला त्यांची ओळख झाली. नीट ठेवला तर हा मासा दोन फुटांच्या पुढे जातो आणि पंचवीस-तीस वर्षं जगतो. हे वाचताना मी आमच्या तळ्याकडे पाहिलं. दोन फुटांचा मासा पावणेदोन फूट पाण्यात.

खोलीबद्दलचं माझं मत सासऱ्यांच्या एका आठवणीनं पुरतं बदललं. ते सांगायचे, गावची विहीर उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागते. खोल पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला जातो आणि डिसेंबरच्या पहाटे दहाच्या खाली येतो. उथळ तळ्यात ते सगळे हेलकावे माशाच्या अंगावर. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसातच. आणि उन्हाळ्यात मासा खातो मात्र जास्त.

म्हणून आता नवं तळं पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद आणि पाच फूट खोल होणार आहे. साडेतीन फूट जमिनीखाली, वर दीड फुटाचा कट्टा. पावसाळ्यात अंगणातलं गढूळ पाणी आत जाणार नाही आणि रांगणारं मूल सहज आत पडणार नाही. नातवंडांची काळजी तरीही जात नाही, त्यामुळे वरून लोखंडी जाळी होणारच. बगळ्यापासूनही तीच राखण. पाणी साधारण एकवीस हजार लिटर. त्यात मासे आठ, त्यापलीकडे एकही नाही. मोठं तळं म्हणजे आणखी वीस मासे, असं शेजारी म्हणतात. मीही एकेकाळी तेच म्हटलं असतं.

यजमानांशी वाद झाला तो फिल्टरच्या जागेवरून. पाच बाय दहा फूट जागा नुसत्या फिल्टरला कशाला, तिथे झोपाळा येईल, असं त्यांचं म्हणणं. मी हटले नाही. तळाला मध्याकडे उतार आणि तिथून चार इंची पाइप जमिनीखालून पहिल्या कप्प्यात. तिथे पाणी मंदावलं की विष्ठा आणि गाळ खाली बसतो. दुसऱ्या कप्प्यात ब्रश आणि जाड चटया. तिसऱ्यात प्लास्टिकच्या खाचांच्या चकत्या, ज्यांवर जीवाणू राहतील. कप्प्यांची आणि तळ्याची पातळी एकच, म्हणून पाणी आपसूक वाहतं. पंप अगदी शेवटी. पूर्वी माझा पंप तळाशी होता, तो घाण ओढून तिचा चुरा करायचा आणि तो चुरा पाण्यातच विरघळायचा. दोन तासांत सगळं पाणी एकदा फिरायला हवं. खोक्यावर छापलेला आकडा चढ नसतानाचा असतो, म्हणून जरा मोठाच पंप घेतला आहे. वीज गेली तर हवेचा पंप इन्व्हर्टरवर चालेल.

गोटे नाहीत. याचं वाईट वाटलं, कारण ते मी स्वतः वेचून आणले होते. पण गाळ त्यांच्याखालीच सडतो. कमळंही नाहीत, कोई ती खाऊन टाकतात. पाण्याच्या परतीच्या वाटेवर वेगळ्या कुंडात कर्दळ आणि वेखंड लावणार आहे, उरलेलं नायट्रेट तेच घेतील. सिमेंटला आतून लेप द्यायचा. नव्या सिमेंटमधला चुना पाणी अल्कधर्मी करतो आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक जहाल होतो.

गवंड्यानं परवा फक्कीनं रेघा मारल्या. खोदाई पुढच्या आठवड्यात.

उरलेले चौघे अजून जुन्या तळ्यात आहेत. भाचीच्या सांगण्यावरून नव्या फिल्टरच्या थोड्या चकत्या जाळीच्या पिशवीत भरून महिन्यापूर्वीच तिथल्या पंपाजवळ सोडल्या. आज सकाळी त्यातली एक काढून पाहिली. आणली तेव्हा पांढरीशुभ्र होती. आता खाचांमध्ये तपकिरी थर धरलाय, बोटाला बुळबुळीत लागतो, वास ओल्या मातीचा. नळ हाताशी होता. मी चकती तशीच पिशवीत टाकली, गाठ मारली आणि पाण्यात सोडली.