खिडकीतला कप

परवा सूनबाईला घेऊन आमच्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात गेले होते. तिला तिसरा महिना. नाव घातलं, वजन झालं, मग सिस्टर म्हणाल्या, "हिमोग्लोबिनबरोबर एचआयव्हीचीही तपासणी करू ना?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! म्हटलं, "आमच्या घरात असलं काही नाही हो!"

"काकू, संशय म्हणून नाही. आम्ही प्रत्येक गरोदर बाईला विचारतो. ती हो म्हणाली तरच करतो." आणि उत्तरासाठी त्या माझ्याकडे नव्हे, सूनबाईकडे पाहत राहिल्या.

त्यांनी नीट समजावलं. आईने औषध घेतलं नाही, तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध मिळून 100 पैकी 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. वेळेवर गोळ्या घेतल्या, तर हे प्रमाण 5 च्याही खाली येतं. तपासणीला बोटातून थेंबभर रक्त पुरतं, पैसे पडत नाहीत. इथे दोष दिसला तरी तेवढ्यावर रोग ठरत नाही. पुढच्या केंद्रात 3 वेगवेगळ्या चाचण्या करूनच नक्की सांगतात. 2017 च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, की निकाल बाहेर फोडता येत नाही.

ऐकता ऐकता मला धाकट्या वन्सं आठवल्या. 1998 साली त्यांचे यजमान याच आजाराने गेले आणि त्या आमच्याकडे आल्या. त्यांचा कप मी वेगळा ठेवला, खिडकीत. उष्ट्या कपाने हा रोग लागत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही. वन्सं एक शब्द बोलल्या नाहीत. चहा झाला की कप स्वतः विसळून खिडकीत ठेवत. दोन वर्षांत त्याही गेल्या. सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधं मिळू लागली ती 2004 पासून. आज रोजच्या गोळ्यांवर माणसं म्हातारी होतात, नातवंडं खेळवतात.

सूनबाईने बोट पुढे केलं. तिचं झाल्यावर मी म्हटलं, "सिस्टर, माझंही बघा."

तिचा निकाल सिस्टरनी तिला आत बोलावून सांगितला. मी बाहेर बाकावरच बसले आणि घरी येईपर्यंत विचारलं नाही. सांगायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. मुलाला मात्र उद्याच तपासणीला पाठवणार आहे.

मैत्रिणींनो, कुणी विचारलं तर माझ्यासारख्या रागावू नका.