मडक्यातला नाग आणि टोपलीतला नाग

कर्मचारी संघटनेच्या अधिवेशनानिमित्त गेल्या वर्षी आम्हाला चेन्नईला जाण्याचा योग आला. दोन दिवस ठराव, भाषणे, टाळ्या आणि सांबार-भात असा कार्यक्रम झाला. तिसरा दिवस मोकळा होता. आम्ही सहाजण होतो. महाबलीपुरमची दगडी मंदिरे आणि समुद्र पाहून रात्रीची गाडी पकडायची असे ठरले. तिथल्या संघटनेचे एक जुने कार्यकर्ते सोबत आले. त्यांना हिंदी मोडकी येत होती, आम्हाला तमीळ मुळीच येत नव्हती, तरी प्रवास झकास झाला.

चेन्नईहून दक्षिणेला समुद्राच्या कडेकडेने रस्ता जातो. डाव्या हाताला समुद्र आणि सुरूची झाडे, उजव्या हाताला नवे बंगले. सुमारे ४० किलोमीटरवर वडनेम्मेली नावाचे गाव लागते. तिथे १९७६ साली सुरू झालेले मगरींचे मोठे केंद्र आहे. मगरी पाहायला म्हणून आम्ही उतरलो. शेकडो मगरी उन्हात ओंडक्यासारख्या पडून होत्या. बायकामुलांना गंमत वाटेल असे ते ठिकाण आहे. पण आम्हाला आज सांगायचे आहे ते त्याच आवारातल्या एका लहानशा जागेबद्दल. तिचे तिकीटही वेगळे आहे.

ही जागा इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेची. इरुळा ही तमिळनाडूतील आदिवासी जमात. साप धरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. पूर्वी ते साप मारून कातडी विकत. पट्टे, पाकिटे, बायकांच्या पर्सेस यासाठी ती परदेशी जात असे. १९७२ सालचा वन्यजीव कायदा आला, कातड्यांचा व्यापार बंद पडला आणि या लोकांच्या चुली थंडावल्या. तेव्हा सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली ही संस्था नोंदवली गेली. साप मारायचा नाही, धरायचा, त्याचे विष काढायचे, आणि साप परत सोडून द्यायचा. विष औषध कंपन्यांना विकायचे. सहकार म्हटला की आम्हा मराठी माणसांना साखर कारखाना आणि त्याची निवडणूक आठवते. इथे गव्हाणीवर साप आहे एवढाच फरक, असे आमच्यातले एक जण म्हणाले आणि सगळे हसलो.

आत एक गोल खड्डा आहे, भोवती कठडा. प्रेक्षकांनी कठड्याला टेकून खाली पाहायचे. खाली ओळीने मातीची मडकी. त्यांच्या तोंडाला कापड बांधलेले. प्रत्येक मडक्यात एक पाहुणा. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चार प्रकार इथे ठेवतात. आपल्याकडे साप चावून जी माणसे दगावतात, ती बहुतेक याच चौघांमुळे.

पन्नाशीचा एक माणूस खड्ड्यात उतरला. अंगात खाकी सदरा, हातात लोखंडी आकडा. त्याने एक मडके सोडले, आकड्याने नाग बाहेर काढून वाळूवर ठेवला. नागाने फणा काढला तशी कठड्यावरची गर्दी मागे सरली. तो माणूस मात्र आपल्या घरच्या गाईजवळ उभे राहावे तसा उभा होता. घाई नाही, दिखावा नाही, पुंगी तर नाहीच. मग त्याने अलगद मान धरली आणि पातळ पडदा बांधलेल्या काचेच्या भांड्याच्या काठावर नागाचे तोंड टेकवले. विषदात पडद्यातून आत गेले. काचेवरून पिवळसर थेंब ओघळले. दोन-चार थेंब, बस्स. नाग पुन्हा मडक्यात गेला.

हे थेंब वाळवून त्यांची भुकटी करतात. ती अगदी थोड्या प्रमाणात घोड्यांना टोचतात, घोड्याच्या रक्तात तिचा उतारा तयार होतो आणि त्यापासून सर्पदंशावरची लस बनते. आमच्या परळच्या हाफकिन संस्थेत हेच काम अनेक वर्षे झाले आहे. देशातल्या लशीसाठी लागणाऱ्या विषाचा मोठा हिस्सा या मडक्यांतून जातो. आमची आत्या १९९४ साली गवत कापताना घोणस चावून गेली. तालुक्याच्या गावी नेले तेव्हा लस नव्हती. ती पिवळी भुकटी पाहताना आम्हाला तिची आठवण झाली नसती तरच नवल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मरतात. शेतात राबणारी, जमिनीवर निजणारी, अनवाणी चालणारी माणसे. त्यात बंगल्यातले किती असतील हे वाचकांना सांगायला नको.

एक साप साधारण तीन-चार आठवडे ठेवतात. तेवढ्या मुदतीत ठरावीक दिवसांनी विष काढतात, पोटावरच्या खवल्यांची टोके कातरून खूण करतात आणि रानात सोडतात. खूण दिसली की तोच साप लगेच पुन्हा धरायचा नाही. किती साप धरायचे याची मर्यादा वनखाते घालून देते. सापाला यात काहीच त्रास नाही असे आम्ही म्हणणार नाही. मडक्यात राहायला कोणाला आवडेल? पण रानात परत गेलेला साप उंदीर मारून खातो, पिल्ले होतात, म्हणजे त्याचे सापपण शाबूत राहते.

इथे आमच्यासोबतच्या एका बाईंनी प्रश्न विचारला. त्या आमच्याच कचेरीत आहेत आणि हिशोबाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "दर खेपेला जीव धोक्यात घालण्यापेक्षा ऑपरेशन करून विषाची पिशवीच काढून टाकली तर? साप जिवंत, माणूसही सुरक्षित." कार्यकर्त्यांनी तमीळमध्ये विचारले. खड्ड्यातला माणूस वर पाहून हसला आणि दोन वाक्ये बोलला. भाषांतर असे झाले: "मग तो खाणार काय? आणि मी त्याला सोडणार कुठे?"

बाईंचा प्रश्न मात्र वेडगळ नाही. अमेरिकेत हौशी लोक घरात विषारी साप पाळतात आणि त्यातले काही जण अशा शस्त्रक्रिया करून घेतात. अशा सापाला तिकडे 'व्हेनोमॉइड' म्हणतात. विषाची ग्रंथी म्हणजे आपल्या लाळेच्या ग्रंथीचाच बदललेला प्रकार. ती डोळ्याच्या मागे, वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना असते आणि बारीक नळीने विषदाताला जोडलेली असते. ती कापून काढली की पाळणाऱ्याला वाटते, आता निर्धास्त. पुष्कळदा हे काम पशुवैद्याकडून नव्हे तर चोरून, भूल न देता होते, असा आक्षेप तिकडचे जाणकारच घेतात. शिवाय ग्रंथी पूर्ण निघाली की नाही हे बाहेरून दिसत नाही. थोडी उरली असेल तर? निर्धास्त झालेला माणूसच मग दगावायचा.

समजा, उत्तम डॉक्टरने, भूल देऊन, सफाईने केले. तरीही आमचे मत बदलत नाही. कुत्र्याची नसबंदी करतात तिचा उपयोग कुत्र्यांच्या जातीला आणि वस्तीला, दोघांनाही होतो. बैलाचे शिंग सडले तर कापतात, बैल वाचावा म्हणून. नागाची ग्रंथी काढण्यात नागाचा कोणता फायदा आहे? मेलेले उंदीर भरवले तर तो पिंजऱ्यात जगतो, पण त्या दिवसापासून पिंजरा हीच त्याची जन्मठेप. ब्रिटनमध्ये २००६च्या कायद्याने उपचाराचे कारण नसताना प्राण्याच्या अंगाची अशी कापाकापी करणे हा गुन्हा आहे. आपल्याकडेही १९६०च्या कायद्याने प्राण्याला विद्रूप, अपंग करणे गुन्हाच आहे. ज्याला विषाची भीती वाटते त्याने नाग पाळू नये, ही साधी गोष्ट आहे. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिले होते. छेडल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांना लोकांना दाखवायचे होते.

हे सगळे आम्ही कठड्याला टेकून बोललो खरे, पण बोलता बोलता आमचा आवाज खाली आला. त्याचे कारण सांगतो.

आमचे बालपण वरळीच्या बी.डी.डी. चाळीत गेले. आमच्या घरी नागपंचमी नव्हती, पण चाळीत गारुडी आला की कोणते पोर घरात थांबते? टोपली उघडायची, पुंगी वाजायची, नाग डोलायचा. तो सुरावर नव्हे, हलत्या पुंगीकडे बघून डोलतो हे पुढे कळले. बायका दूध पाजायच्या. साप दूध पीत नाही. कित्येक दिवस उपाशी, तहानलेला ठेवल्यामुळे तो मिळेल ते गिळतो आणि त्यानेच मरतो. आणि तो चावत का नाही? तर त्याचे विषदात पकडीने उपटलेले असतात. पण सापाचे विषदात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात. म्हणून काही गारुडी तापलेली सुई खुपसून ग्रंथीच निकामी करतात. कोणी जीभ बाहेर येण्यापुरती फट ठेवून तोंड दोऱ्याने शिवतात. अमेरिकेत जे सुरीने होते तेच इथे सुईने.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने पंचमीच्या दिवशी एका गारुड्याची तक्रार केली. वनखात्याचे लोक आले, टोपल्या जप्त झाल्या. दोन नाग होते, दोघांची तोंडे शिवलेली. डॉक्टरांनी टाके कापले. एक तिसऱ्या दिवशी मेला. दुसऱ्याच्या ग्रंथी जळाल्या होत्या. त्याला रानात सोडता येणार नाही असे आम्हाला सांगण्यात आले. गारुडी कोठडीत गेला. आम्ही एकमेकांची पाठ थोपटली, स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आम्ही त्या कापून ठेवल्या.

चौथ्या दिवशी त्या गारुड्याची बायको आम्ही राहतो त्या इमारतीच्या जिन्यावर येऊन बसली. सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. ती रडली नाही की भांडली नाही. म्हणाली, "नागाची तुमाला दया आली दादा, बरं झालं. आता सांजच्याला काय शिजवू ते सांगा." आम्ही कायदा सांगू लागलो. ती ऐकत राहिली. शेवटी आम्ही शंभर रुपये दिले. तिने घेतले. न घेऊन करते काय?

तक्रार केली ते चुकले असे आम्हाला आजही वाटत नाही. त्या नागाचे तोंड आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण कायदा करणाऱ्यांनी आणि आमच्यासारख्या तक्रार करणाऱ्यांनी अर्धेच काम केले, ही गोष्ट वडनेम्मेलीच्या खड्ड्यात स्पष्ट दिसली. एकाच कायद्याने दोघांचे धंदे बुडाले. इरुळांना त्यांच्याच हातच्या कसबावर दुसरे काम मिळाले. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुळा सर्पतज्ज्ञांना पद्मश्री मिळाली. आमच्या गारुड्याला काय मिळाले? दंडाची पावती. त्याच्या बापजाद्यांनाही साप कुठे बसतो, कसा वळतो, कोणत्या ऋतूत बाहेर येतो हे ठाऊक होते. ते ज्ञान कोणी विचारले नाही. भटक्या-विमुक्तांसाठी आयोग नेमले गेले, बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाचा अहवाल २००८ साली आला. तो कोणत्या कपाटात आहे हे आम्ही कारकून मंडळी चांगले ओळखतो.

प्रत्येक गारुड्याला विष काढायला बसवा, असा भाबडा उपाय आम्ही सुचवत नाही. त्याला परवाने लागतात, शिक्षण लागते, गिऱ्हाईक लागते. पण वस्तीत साप निघाला तर धरून रानात सोडणे, शेतमजुरांना साप ओळखायला शिकवणे, दंश झाल्यावर मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठा हे गावोगाव सांगणे, यासाठी यांच्याइतका जाणता माणूस कुठून आणणार? केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३०पर्यंत निम्मे करण्याचा आराखडा जाहीर केला. त्या कामाला माणसे लागणारच आहेत.

महाबलीपुरम राहिलेच. अंधार पडता पडता दगडी रथ लांबून पाहिले आणि स्टेशन गाठले.

परत आल्यावर आम्ही त्या बाईचा पत्ता शोधला. वस्ती रेल्वे रुळाच्या पलीकडे सरकली होती. गारुडी वारला होता, कशाने ते आम्ही विचारले नाही. तो जिन्यावरचा मुलगा आता विशीचा झाला आहे, भाजी मार्केटात गोणी उचलतो. आम्ही त्याला सगळे सांगितले: मडकी, खड्डा, काचेचे भांडे, खवल्यांची खूण, साप परत सोडतात ते. तो लक्ष देऊन ऐकत होता. म्हातारी दारात बसून तंबाखू मळत होती. तिने फक्त एवढेच विचारले, "दात न्हाई पाडत?" आम्ही म्हटले, नाही पाडत. तिने मान हलवली.

मग मुलाने विचारले, "काका, तिथं माणसाला महिन्याला किती सुटतात?"

बी.कॉम. झालेल्या, रोज पगारपत्रके तपासणाऱ्या माणसाने ही एकच गोष्ट विचारली नव्हती. आम्ही चेन्नईच्या त्या कार्यकर्त्यांना पत्र टाकले आहे. उत्तर अजून आलेले नाही.